गावची बातमी आणि छापून आलेली बातमी : कोकणपट्टीचा अनुभव धागा

मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. 6 जानेवारी 1832 ला त्यांनी 'दर्पण' सुरू केलं, म्हणून त्या तारखेला पत्रकार दिन. आमच्या तालुक्याला त्या दिवशी कार्यक्रम असतो. शाल, श्रीफळ, आणि व्यासपीठावर पत्रकारांपेक्षा पुढारी जास्त!

एवढा वारसा असून टीव्हीवर कोकण येतं ते ठरल्या वेळी. गणपतीला हायवेवरचे खड्डे, पावसात दरड, आणि अधूनमधून दोन पुढाऱ्यांची जुंपली की. एरवी इथे काही घडतच नाही असं वाटावं. तर आपल्या गावात जे घडलं आणि त्याची जी बातमी झाली, त्यातली तफावत लिहा. पक्षांची नावं घेऊन भांडण नको, आणि ऐकीव नको. स्वतः पाहिलेलं लिहा.

बंदरावरचा

आमची छोटी बोट आहे, गिलनेटवाली, म्हणजे पाण्यात उभं जाळं सोडणारी. पर्ससीनवाल्यांशी, म्हणजे मोठ्या जाळ्याने अख्खा थवा घेरून उचलणाऱ्यांशी, आमचं भांडण जुनं. 2017 मध्ये केंद्राने एलईडी लावून मासेमारी करायला बंदी घातली. तरी रात्री जेटीवर उभं राहिलं की लांब पाण्यात उजेड दिसतोच. दिव्याला मासळी गोळा होते, बारकी पिल्लंसुद्धा, आणि एकदम उचलली जाते. मग आमच्या जाळ्यात काय येणार?

पेपरवाले कधी येतात? बोटीवर बोट गेली, कुणाचं डोकं फुटलं की. दुसऱ्या दिवशी मथळा : 'मच्छीमारांच्या दोन गटांत राडा'. म्हणजे दोघेही सारखेच भांडखोर. बंदी कशावर आहे, ती कोण मोडतो, बारा सागरी मैलांच्या आत राज्याचा कायदा आणि बाहेर केंद्राचा, त्यामुळे पकडलेला माणूस 'मी बाहेर होतो' म्हणून कसा सुटतो, यातलं अक्षर नाही. बोटी कुणाच्या हे बंदरावर शेंबड्या पोराला ठाऊक. बातमीत मात्र 'अज्ञात नौका'. बोटीवर नंबर रंगवलेला असतो हो!

तिठ्यावरचा

आमच्याकडे खरी बातमी पहिल्या एसटीच्या कंडक्टरकडे. पेपर त्याच गाडीने येतो, पण कंडक्टर आधी उतरतो.

वाशिष्ठीकाठ

चिपळूण, बाजारपेठेत दुकान. 22 जुलै 2021 चा पूर सगळ्या देशाने पाहिला. नावा, छपरांवरची माणसं, स्टँडात बुडालेल्या एसट्या. कॅमेरेवाल्यांनी त्या दिवसांत मेहनत केली, हे नाकारणार नाही. माझा एक भाऊ मुंबईत टीव्हीवर आमची गल्ली ओळखून रडला.

प्रश्न पुढचा. पाणी ओसरल्यावर आम्ही बोलत होतो ते वाशिष्ठीतल्या गाळाबद्दल. कोयनेच्या वीजनिर्मितीतून सुटलेलं अवजल याच नदीला येऊन मिळतं, त्याबद्दल. भरतीची वेळ आणि धो-धो पाऊस एकत्र आले की काय होतं, त्याबद्दल. नदीतला गाळ काढा म्हणून शहरातली माणसं उपोषणाला बसली. त्यात वकील होते, व्यापारी होते, निवृत्त गुरुजी होते. तेव्हा एकही ओबी व्हॅन आमच्या गल्लीत आली नाही. गाळाला चेहरा नसतो ना. उलट त्यानंतर दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर 'धरण फुटलं'चा मेसेज न चुकता येतो, आणि आमची म्हातारी माणसं माळ्यावर सामान चढवायला लागतात. अफवा फुकट पोचते. खरा अहवाल मागायला मात्र माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो.

चाकरमानी, विरार

राजापूर तालुका. 2023 च्या एप्रिलमध्ये बारसूच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा आमच्या ग्रामस्थ मंडळाचा ग्रुप दोन दिवसांत फुटला. एकजण एका चॅनेलची क्लिप टाकायचा, त्यात कातळावर आडव्या पडलेल्या बायका. दुसरा दुसऱ्या चॅनेलची टाकायचा, त्यात 'आंदोलनात बाहेरचे लोक'. दोन्ही व्हिडीओ त्याच सड्याचे. प्रकल्प हवा म्हणणारे आमच्यात आहेत, आणि त्यांचं म्हणणंही खोटं नाही. पोरं मुंबईला येतात ती शेवटी नोकरीसाठीच. पण त्यांनासुद्धा टीव्हीवर 'विकास की विरोध' यापलीकडे वाक्य मिळालं नाही. पाणी कुठून आणणार, आंबा-काजूचं काय, नोकऱ्या कुठल्या शिक्षणाच्या पोरांना, हे कोण विचारणार? तिथली कातळशिल्पं 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, हे मलाही आंदोलनातूनच कळलं.

काकीला फोन केला आणि टीव्हीत काय दाखवतायत ते सांगायला लागलो. ती म्हणाली, "मेल्या, माझ्या सड्यावर काय चाल्लाहा ता तू टीव्हीत बघून माकाच सांगतंस?"

तालुका वार्ताहर

सगळे पत्रकारांना झोडतायत, म्हणून आमची बाजू लिहितो. मला पगार नाही. छापून आलेल्या मजकुरावर मानधन, तेही आलं तर आलं. घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिन विशेषांक, दिवाळी, आणि साहेबांचा वाढदिवस. 'कार्यसम्राट' लिहिलेलं ते रंगीत पान मीच गोळा केलेलं असतं. त्यावर ठेकेदारांचे फोटो खाली ओळीने.

त्यातल्याच एका ठेकेदाराने बांधलेला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, पहिल्याच पावसात गेला. मी सिमेंटबद्दल लिहून पाठवलं, फोटोसकट. छापून आलं : 'अतिवृष्टीमुळे साकव वाहून गेला'. खोटं म्हणता येणार नाही. पाऊस पडलाच होता.

आणि धाडसाची अपेक्षा करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. 2023 च्या फेब्रुवारीत राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीची धडक बसली, दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा दाखल झाला. रिफायनरीच्या विरोधात ते लिहीत होते. मुंबईचा पत्रकार बातमी करून परत जातो. आम्ही ज्याच्याबद्दल लिहितो तो संध्याकाळी त्याच टपरीवर चहाला असतो.

निनावी, रायगड

नाव, गाव लिहीत नाही. आमच्या घराला गावकीने वाळीत टाकलं होतं. कारण जमिनीचं. गिरणीवाला दळण घेईना, आजी गेली तर खांदा द्यायला बाहेरगावचे नातेवाईक बोलवावे लागले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध राज्याचा स्वतंत्र कायदा आहे, 2016 चा. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार केली तेव्हा बातमी आली : 'गावात दोन गटांत वाद'. एक गट म्हणजे अख्खं गाव आणि दुसरा गट म्हणजे माझी आई, बाबा आणि मी. वर दादांनी, ताईंनी तफावत म्हटलंय, ती ही.

शिमग्याला पालखी आमच्या दारावरून न थांबता गेली, त्याचे व्हिडीओ मात्र 'कोकणची संस्कृती' म्हणून हजारोंनी पाहिले.

माजी सदस्य, ग्रामपंचायत

बायांना निम्म्या जागा आहेत, म्हणून मी निवडून आले. नळपाणी योजनेसाठी मी भांडले. उद्घाटनाच्या फोटोखाली नाव ह्यांचं, आणि मी 'आदी उपस्थित'मध्ये. (ह्यांनी स्वतः फोन करून सांगितलं, तरी शुद्धिपत्र आलं नाही.)

बंदरावरचा

@तालुका वार्ताहर, साकवाचा फोटो अजून असेल तर इथे टाका की राव. इथे कुणाची जाहिरात नाही.

मालवणची होमस्टेवाली

राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 ला शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, 26 ऑगस्ट 2024 ला तो पडला. दोन्ही वेळा माझ्या खोल्या पत्रकारांनी भरल्या. पहिल्या वेळी विचारत, अभिमान वाटतो का? दुसऱ्या वेळी, संताप येतो का? आमच्या शेजारचे भाऊ गवंडी आहेत. ते खाऱ्या वाऱ्यात लोखंड किती लवकर गंजतं, समुद्राकाठी काम करताना काय काळजी घ्यावी लागते, ते समजावून सांगत होते. ऐकून घेतलं आणि एका पोराने मधेच विचारलं, "काका, तुम्ही कुठल्या पक्षाचे?" भाऊ म्हणाले, "मी गवंडी." ते काही दाखवलं नाही. संध्याकाळी जे दाखवलं त्यात बोलणारी माणसं आमच्या मालवणातली नव्हती, गाड्या भरून आलेली होती.

जेवण मात्र सगळ्यांना आवडलं. रिव्ह्यू चांगले दिलेत.

तालुका वार्ताहर

@बंदरावरचा, फोटो आहे. साकवाचा आहे आणि त्यावरच्या फलकाचाही आहे, रक्कम आणि ठेकेदाराच्या नावासकट. नवीन साकवाची निविदा निघालीय, ती उघडू दे. मग दोन्ही शेजारी शेजारी टाकतो.