अनुदान मागितल्यापेक्षा कमी मंजूर झालंय, करारावर सही करण्याआधी काय बदलून घ्यावं?

कट्टेकरी: अर्ज 4,80,000 च्या प्रकल्पाचा होता, 10 महिन्यांत 24 कार्यशाळा. त्याच्या 75 टक्के, म्हणजे 3,60,000 मागितले होते. मंजुरीपत्रात 3,00,000 आहेत. स्वहिस्सा 25 टक्के. आगाऊ काही नाही, दर तिमाहीला बिलं लावल्यावर प्रतिपूर्ती. करारनाम्याला मूळ अर्जच परिशिष्ट म्हणून जोडलाय. रक्कम घटली म्हणून 20 कार्यशाळा केल्या तर चालेल ना?

खतावणी: आधी ते परिशिष्ट बदला. मूळ अर्ज तसाच राहिला तर 24 कार्यशाळा आणि 4,80,000 चा खर्च दोन्ही तुमच्या गळ्यात. 3 लाख अनुदान वजा जाता तुमच्याकडे 1,80,000 येतात, म्हणजे 25 नव्हे, साडेसदतीस टक्के. सुधारित अंदाजपत्रक आणि कार्यशाळांची नवी संख्या लेखी पाठवा, लेखी मान्यता घ्या, तीच जोडून घ्या, मग सही. फोनवरच्या 'हो, चालेल'ला लेखापरीक्षणात काही किंमत नाही.

25 टक्के कशाचे, तेही नीट वाचा. एकूण खर्चाचे असतील तर प्रकल्प 4 लाखांचा आणि तुमचे 1 लाख. अनुदानाचे असतील तर 75,000.

आणि 20 हा आकडा त्रैराशिकातून आलेला दिसतो. समन्वयकाचं मानधन कार्यशाळा कमी झाल्या म्हणून कमी होत नाही. समजा स्थिर खर्च 1,20,000 आणि दर कार्यशाळेला 15,000. मग 4 लाखांत 18 च बसतात, 10,000 उरतात. ते लेखापरीक्षण शुल्कासारख्या पात्र खर्चाला आत्ताच दाखवा. नाहीतर खर्च 3,90,000 वर थांबेल आणि 75 टक्क्यांनी हातात 2,92,500 च पडतील.

रोजकीर्द: प्रतिपूर्ती आहे म्हणजे खेळतं भांडवल लागणार. महिना 40,000 धरा. तीन महिने खर्च, मग बिल मंजूर होऊन पैसे यायला 45 दिवस. साडेचार महिन्यांचे 1,80,000 हाताशी हवेत.

खतावणी: तो पहिल्या तिमाहीचा आकडा झाला. परत 75 टक्केच येतात, त्यामुळे स्वहिस्सा साचत जातो. दहाव्या महिन्याच्या शेवटी खर्च 4 लाख आणि आलेले दोन हप्ते प्रत्येकी 90,000 चे, म्हणजे 2,20,000 अडकलेले. मासिक देयकं मान्य करून घेतली तर हाच ताण 1,70,000 च्या आसपास राहतो. सही करण्याआधी मागायची गोष्ट ही. नंतर कोणी ऐकत नाही.

कट्टेकरी: स्वहिस्स्यात स्वयंसेवकांचे तास धरता येतील का?

रोजकीर्द: करारात 'वस्तुरूप किंवा सेवारूप हिस्सा' मान्य असेल तरच. तासाचा दर कोणत्या आधारावर, तेही आधी ठरवून घ्या. हजेरीपत्रकात तारीख, सुरुवात-शेवट, काम, स्वयंसेवकाची सही आणि तपासणाऱ्याची सही एवढे रकाने पुरतात. भरायचं मात्र त्याच दिवशी. 18 पानं एकाच पेनाने, एकाच अक्षरात, प्रत्येकी बरोब्बर 4 तास असली की तपासनीस सगळीच बाजूला ठेवतो. मानधनाचंही तसंच: आठवड्याच्या 40 तासांपैकी 12 या प्रकल्पाचे असतील तर 30 टक्केच इथे दाखवायचे, आणि त्याला वेळपत्रक लागतं.

पावतीपुस्तक: नामंजूर होणारी बिलं बहुतेक तारखेवर अडकतात. सहीच्या आधीचा खर्च, आणि मुदतीत बिल पण पैसे मुदतीनंतर दिलेले, ही दोन ठिकाणं. 'खर्च झाला' म्हणजे बिल निघालं की पैसे गेले, याची व्याख्या करारात शोधा. नसेल तर शेवटच्या महिन्यात नवी खरेदी काढूच नका.

वेगळं बँक खातं सक्तीचं नसेल तरी खातेवहीत वेगळं खातं हवंच. मूळ बिलावर अनुदानाचं नाव आणि दाखवलेली रक्कम असा शिक्का मारा, म्हणजे तेच बिल चुकून दुसऱ्या अनुदानाला लागणार नाही. अंदाजपत्रकातल्या एका शीर्षातून (खर्चाच्या सदरातून) दुसऱ्यात रक्कम वळवायची असेल तर खर्चाआधी परवानगी घ्या. उरलेल्या मानधनातून प्रोजेक्टर घेतला, तर वस्तू कितीही कामाची असो, ती रक्कम वसुलीला लागते.

कट्टेकरी: सुधारित अंदाजपत्रक 18 कार्यशाळांचं करतोय, सोबत मासिक देयकांची विनंती जोडतो. सही तोवर थांबवली.

खतावणी: मंजुरीपत्रात स्वीकृती कळवायची मुदत असते, ती बघा. 'सुधारणांच्या अधीन राहून स्वीकृती' असं पत्र मुदतीत द्या, नाहीतर मंजुरीच रद्द व्हायची.