पोलिसांचा मार खाल्ला, पुढं काय केलंत? सोलापूरकरांनो लिहा

घरात कुणाला असं झालं असेल तर लिहा. पोलीस ठाणं, साहेब, कुणाचं नाव नको. मार किती बसला त्यापेक्षा नंतर कागदावर काय आलं ते सांगा.

माग कामगार, अक्कलकोट रोड
कारखान्यातलं सूत चोरीला गेलं म्हणून रात्री धाकट्या भावाला उचललं, तळपायावर पट्टा, कारण वरनं दिसत नाही. वकिलांनी निरोप दिलेला, मॅजिस्ट्रेटनी काही तक्रार आहे का विचारलं की गप बसायचं नाही. यानं सरळ चप्पल काढून पाय दाखवले. मॅडमनी लिहून घेतलं, मेडिकलला पाठवलं. केस रखडलीय, पण त्या कागदावरच उभी आहे.

विडी घरकुल
नवऱ्याला सोडल्यावर सासूबाई म्हणाल्या हळद लाव, कशाला वाढवतीस. मी रिक्षा करून त्याच रात्री दवाखान्यात नेलं, "पडला" म्हणून नाही सांगितलं, कुणी मारलं ते सांगून एमएलसी, म्हणजे मारहाणीची दवाखान्यातली कायदेशीर नोंद, करून घेतली. डॉक्टर वळाचा रंगसुद्धा लिहितात, ताजा का जुना ते त्यावरनं कळतं.

वकिली करतो
24 तासांत कोर्टापुढं न्यायलाच लागतं. अटक झाली की डॉक्टरी तपासणी होते, त्या रिपोर्टची कॉपी मागा, ती आरोपीला मिळते. सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालानुसार अटकेच्या मेमोवर साक्षीदाराची सही लागते, घरच्यांना कळवावं लागतं आणि कोठडीत दर 48 तासांनी तपासणी. कबुलीसाठी मारलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 120, 7 वर्षांपर्यंत शिक्षा. आणि पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात पुरावा धरतच नाहीत, मग मारतात कशाला कोण जाणे.

पोलिसाचा मुलगा
एकच बाजू चाललीय. गड्ड्याच्या जत्रेत बाबा रात्रभर बंदोबस्ताला उभे असायचे, दारुडे अंगावर यायचे, तिथं काय हात जोडायचे का?

वकिली करतो
अंगावर आला तर आवरायला लागेल तेवढा जोर कायद्यानंच दिलाय की. बेडी घालून खाली बसवलेल्याला मारायचा नाही दिलेला. बाबांनाच विचारा, ते पण हेच सांगतील. माग कामगार भाऊ, फुटेज मागितलं का? सुप्रीम कोर्टाच्या 2020 च्या निकालानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लागतात, रेकॉर्डिंग कमीत कमी वर्षभर ठेवायचं असतं.

माग कामगार, अक्कलकोट रोड
मागितलं. कॅमेरा दुरुस्तीला दिलता म्हणे. आता दुरुस्तीची पावती मागितलीय.