अनुभव धागा: येशूची प्रीती रोजच्या जगण्यात

सर्वांना सलाम.

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या, उपाशी आणि निराधार मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांना आसरा दिला. त्या मुलींना न्हाऊ-खाऊ घालणं, लिहायला-वाचायला शिकवणं हीच त्यांची उपासना होती. ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आज आपल्यातलं कोण काय करतं, ते मात्र कुणी बोलत नाही. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण मलाही मान्य आहे. पण मंडळीतली, म्हणजे आपल्या चर्चमधली, तरुण मुलं विचारतात, 'सुरुवात कुठून करू?' त्यांच्यासाठी लिहा. देणगीचे आकडे नकोत, नावं टाळा. कुणासाठी, काय आणि कसं केलंत, तेवढं सांगा. ख्रिस्ती नसलात तरी लिहा.

मिरज, निवृत्त परिचारिका

डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये जिथे रुग्णालय उभारलं, त्या मिरजेत मी नर्सिंग शिकले. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांना पायांची काळजी कशी घ्यायची, ते मी आजही शिकवते. जंतू मेले तरी बधिर झालेला पाय बहुधा बधिरच राहतो. खिळा रुतलेला कळत नाही, चुलीचा चटका कळत नाही. म्हणून रोज पाय साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचे, टाचेचा घट्टा दगडाने हळू घासायचा आणि कातडी ओली असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावायचं, म्हणजे ओल टिकते. मग बोटांच्या बेचक्या आणि तळवे नीट बघायचे. कुठे लाल दिसलं तर त्या दिवशी चालणं कमी.

एक आजी होत्या. सून औषधपाण्याला कमी करायची नाही, पण पायाला हात लावायची नाही. मी पहिल्यांदा पाय मांडीवर घेतला तेव्हा आजींनी तो मागे ओढला. म्हणाल्या, "नको बाई, तुमाला हुईल." औषध सुरू झालं की हा रोग दुसऱ्याला लागत नाही, हे मी दोघींना परोपरीने सांगितलं होतं. सांगून पटलं नाही. सुनेच्या समोर बसून मी पाय धुतला, पुसला, तेल लावलं, तेव्हा ती जवळ सरकली. पुढे तीच धुवायला लागली.

पवित्र गुरुवारी योहानाचा तेरावा अध्याय वाचतात तेव्हा मला त्या आजी आठवतात. प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्याला पाणी आणि रुमाल लागला, आणि खाली बसावं लागलं. एवढं आपल्या सगळ्यांना जमण्यासारखं आहे.

वसई

आमच्या पॅरिशमध्ये गरजूंना मदत करणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी आहे. घरभेटीला दोघांनी मिळून जायचं आणि त्या घरातलं बाहेर बोलायचं नाही. कुणाची फी, कुणाचं रेशन, कुणाची गोळ्या-औषधं. पण घरभेटीसाठी माझ्या वाट्याला आलेल्या आजोबांना पैशाची ददात नाही. मुलं परदेशात आहेत, पैसे वेळेवर येतात. त्यांना वाडीत हात धरून फिरवणारं माणूस हवं असतं. राजेळी केळ्यांची सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, कशी करायचे, ते सांगत चालतात. मी ऐकतो. गरिबाची व्याख्या मला त्यांच्यामुळे बदलावी लागली.

जामखेडजवळचं गाव

मी ख्रिस्ती नाही. बोलावलंत म्हणून लिहितो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्याचं काम शिकवलं. माझी आत्या त्यातली एक. निरक्षर, आणि ज्या वस्तीला पाणीसुद्धा वरून ओतून मिळायचं त्या वस्तीतली. जुलाब झालेल्या पोराला साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, नाळ कापायचं पातं का उकळायचं, हे ती शिकली. मग ज्यांच्या उंबऱ्याबाहेर ती उभी राहायची, त्याच घरांतून रात्री-अपरात्री तिला बाळंतपणाला बोलावणं यायचं. डॉक्टरांचा देव कोणता, हे आत्याला ठाऊक होतं. तिचा देव कोणता, हे तिला कुणी विचारलं नाही. त्यांच्या धर्माबद्दल मला आदर वाटतो तो यामुळे.

परळ, मुंबई

टाटा हॉस्पिटलच्या आसपास पेशंटचे नातेवाईक फूटपाथवर राहतात. डबे देणारे बरेच आहेत, देव त्यांचं भलं करो. पण ज्याला नाकातल्या नळीने भरवायचं आहे, त्याला पोळीभाजीचा उपयोग नाही. आमच्या मंडळीतल्या दोन कुटुंबांनी पातळ पेज गाळून थर्मासमधून न्यायला सुरुवात केली. काय चालेल, किती चालेल, ते आधी वॉर्डातल्या आहारतज्ज्ञांना विचारून. मला स्वयंपाक येत नाही. मी फॉर्म भरतो, रांगेत उभा राहतो, बिहारहून आलेल्या बापाला कुठली खिडकी ते दाखवतो. आजारासाठी प्रार्थना मी घरी करतो. कुणी 'करा' म्हटलं, तरच तिथे.

अहिल्यानगर

मी कुठे बाहेर जात नाही. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, रात्रीसुद्धा. हे सेवेत धरतात की नाही, माहीत नाही, मी तरी धरते. आमच्या महिला मंडळातल्या दोघी आणि शेजारच्या काकू दुपारच्या पाळ्या लावून येतात. काकू आल्या की आईंच्या उशाशी हरिपाठ म्हणतात, आईंना तो आवडतो. मी तेवढ्यात झोपून घेते. तरुण मुलं विचारतात ना, सुरुवात कुठून करू? तुमच्या गल्लीत असं एखादं घर असेलच. तिथल्या बाईला विचारा, 'दुपारी मी बसू का?' आणि जाण्याआधी कूस कशी बदलायची ते तिच्याकडून शिकून घ्या.