हिरोशिमा म्हणजे नेमकं काय?

मलप्रभाकाठ (खानापूर):
नमस्कार मंडळी. मी हायस्कूलला भूगोल शिकवतो. परवा एक पोरगा म्हणाला, "सर, पावसानं आमच्या गल्लीचा हिरोशिमा झालाय." वर्ग हसला. मला हसू आलं नाही, पण रागवावं असंही वाटेना. आपल्याकडं मोठी माणसंही असंच बोलतात. या नावाचा मूळ अर्थ काय? तिथली माणसं ते कसं वापरतात? ६ ऑगस्टच्या आधी पोरांना नीट सांगायचंय.

निपाणीकर:
सर, कामानिमित्त तीन वर्षं मी तिथं राहिलोय. 'हिरो' म्हणजे रुंद, ऐसपैस; 'शिमा' म्हणजे बेट. ओता नदी समुद्राजवळ फाटे फुटून वाहते. त्या फाट्यांमधल्या सपाट जमिनीवर मोरी तेरुमोतो या सरदारानं १५८९ मध्ये किल्ला बांधायला घेतला, तेव्हाचं हे नाव.

आता महत्त्वाचं. हे एकच नाव तिथं दोन तऱ्हांनी लिहितात. स्टेशनवर, पत्त्यात दोन चित्राक्षरं, म्हणजे कांजी. बॉम्बबद्दल लिहिताना मात्र बरेचदा तेच नाव कताकाना लिपीत, सुट्या चार अक्षरांत. आमच्या घरमालकीण आजींनी भाड्याच्या पावतीमागं दोन्ही लिहून दाखवलं होतं. दोन अक्षरांचं पत्त्यावर, चार अक्षरांचं ६ ऑगस्टला, एवढंच म्हणाल्या. ती पावती अजून माझ्याकडं आहे.

पोराला रागवू नका. पण चिखलाला चिखलच म्हणू दे. सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी त्या गावावर बॉम्ब पडला, आणि त्यातून वाचलेल्या ट्राम मी असताना रुळावर धावत होत्या. लोक त्यातून डबा घेऊन कामाला जायचे.

शहापूरकर:
फुकुशिमा, कागोशिमा यांतलं 'शिमा'ही तेच. आणि एका नावाची दोन रूपं आपल्या पोरांना सांगावी लागतील होय? घरात बेळगाव, २०१४ पासून सरकारी कागदावर बेळगावी, आणि जुनं वेणुग्राम, म्हणजे बांबूचं गाव.

मलप्रभाकाठ:
आभारी आहे. आज फळ्यावर चारही अक्षरं काढली. 'रो' म्हणजे नुसता चौकोन, तो त्याच पोराला काढायला लावला. काढून झाल्यावर विचारतो, "सर, खानापूर कसं लिहायचं त्यात?" निपाणीकर, तेवढं सांगा की.

निपाणीकर:
का-ना-पू-रु. 'ख' नाही त्यांच्याकडं, आणि शेवटचा 'र्' सुटा लिहिता येत नाही, म्हणून 'रु'. फोटो काढून टाकतो रात्री.