शेरची 'सात दशके पहिल्या क्रमांकावर' : हा हिशेब नेमका कोणत्या यादीचा?

तबकडीवेडा :

अमेरिकन पॉप गायिका शेर हिच्याविषयी वाचताना एक विधान हमखास भेटते : १९६० च्या दशकापासून २०२० च्या दशकापर्यंत, म्हणजे सलग सात दशके, तिचे एकेक तरी गाणे 'बिलबोर्ड' या अमेरिकी संगीत नियतकालिकाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आहे. उत्सुकतेपोटी मी बिलबोर्डची मुख्य यादी, म्हणजे 'हॉट १००', तपासली, तर अग्रस्थानी पोहोचलेली तिची पाचच गाणी सापडली. पहिले १९६५ चे, सनी बोनोसोबत गायलेले 'आय गॉट यू बेब'. मग तिची एकटीची तीन, १९७१, १९७३ आणि १९७४ मधली. आणि त्यानंतर थेट १९९९ मध्ये 'बिलीव्ह'. दशके भरली ती तीनच. जिच्या हाती १९८८ मध्ये अभिनयाचे ऑस्कर आले, तिचे ऐंशीचे दशकसुद्धा या रकान्यात कोरे आहे. मग उरलेली चार दशके आली कुठून, आणि इतक्या दीर्घ कारकिर्दीचे यश मोजायचे झाल्यास कोणते माप धरावे, हे जाणकारांनी सांगावे.

षड्ज :

विधान खोटे नाही, पण त्यातले 'कोणत्या तरी एका' हे शब्द वाटेत गळून पडले आहेत. बिलबोर्ड एकच यादी काढत नाही. प्रकारानुसार आणि मोजणीच्या पद्धतीनुसार त्याच्या कितीतरी याद्या असतात आणि शेरचा सात दशकांचा हिशेब त्यांतल्या वेगवेगळ्या याद्या जोडून पुरा होतो. १९८९ मध्ये तिची दोन गाणी 'अ‍ॅडल्ट कंटेम्पररी' या प्रौढ श्रोत्यांना रुचणाऱ्या सौम्य गाण्यांच्या यादीत पहिली आली. त्यांपैकी पीटर सेटेराबरोबरचे 'आफ्टर ऑल' हॉट १०० मध्ये सहाव्या क्रमांकापर्यंत गेले, तर 'इफ आय कुड टर्न बॅक टाइम' तिसऱ्यापर्यंत. २००० आणि २०१० च्या दशकांची भर नृत्यक्लबांच्या यादीने घातली, आणि २०२३ च्या नाताळगीताने नृत्य-इलेक्ट्रॉनिक गाण्यांच्या डिजिटल विक्रीच्या यादीत अग्रस्थान मिळवून सातवे दशक भरले.

यांतली क्लबांची यादी विशेष लक्षात घेण्याजोगी आहे, कारण तिच्यात विक्रीही मोजली जात नसे आणि रेडिओही नाही. क्लबांतले डीजे कोणत्या गाण्यांना नाचणाऱ्यांचा प्रतिसाद मिळतो हे कळवत आणि त्यावर क्रम ठरत असे. कंपन्या एकाच गाण्याची अनेक रीमिक्स रूपे करून डीजेंकडे पाठवत. ज्या गायिकेला क्लबांत निष्ठावंत श्रोतृवर्ग आहे, तिला ही यादी अनुकूल ठरणारच. मार्च २०२० मध्ये क्लबच बंद पडले, तेव्हा ही यादीही थांबवण्यात आली. सातव्या दशकासाठी दुसरी यादी पुढे करावी लागली याचे एक कारण हेही असावे, असे मला वाटते.

ध्रुवपद :

षड्ज यांचा खुलासा मान्य आहे, मात्र त्यातून 'मुख्य यादी तेवढी खरी, बाकीचा जाहिरातीचा मामला' असा निष्कर्ष कोणी काढू नये, कारण मुख्य यादी तरी सर्वकाळ एकच कुठे राहिली आहे? हॉट १०० सुरू झाली ऑगस्ट १९५८ मध्ये. पुढची तीन दशके दुकानदार आणि रेडिओ केंद्रे जे कळवत त्यावरच ती बेतलेली होती, आणि कळवणाऱ्याची आवडनिवड त्यात मिसळणे अगदी स्वाभाविक होते. दुकानांतली प्रत्यक्ष विक्री आणि यंत्राने टिपलेले रेडिओ प्रसारण यांचा आधार तिला नोव्हेंबर १९९१ पासून मिळाला. सिंगल म्हणून, म्हणजे सुटे गाणे म्हणून, बाजारात न आलेल्या गाण्यांना डिसेंबर १९९८ पर्यंत या यादीत प्रवेशच नव्हता. डाउनलोड आणि स्ट्रीमिंग त्याच्याही नंतरचे. तेव्हा १९६५ चा पहिला क्रमांक आणि १९९९ चा पहिला क्रमांक यांचे नाव एक असले, तरी मोजलेली वस्तू एक नाही.

माझ्या मते शेरचे खरे नवल सात दशकांत नसून १९७४ आणि १९९९ यांच्यामधल्या अंतरात आहे. दोन अग्रस्थानांमध्ये पंचवीस वर्षांना जेमतेम काही दिवस कमी पडतात. दुसऱ्यांदा शिखर गाठताना ती बावन्न वर्षांची होती आणि पॉपच्या बाजारात ते वय निवृत्तांच्या पंक्तीतले मानले जात असे. शिवाय 'बिलीव्ह' जुन्या आठवणींच्या पुण्याईवर चाललेले गाणे नव्हते. लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या त्या गाण्यात, सूर दुरुस्त करण्यासाठी नुकतेच आलेले 'ऑटोट्यून' मुद्दाम टोकाला नेऊन वापरले होते. आवाज पायरीपायरीने तुटल्यासारखा ऐकू येतो तो त्यामुळेच. निर्मात्यांनी सुरुवातीला ही युक्ती लपवून दुसऱ्याच उपकरणाचे नाव पुढे केले होते. पुढे निम्म्या वयाच्या गायकांनी तोच परिणाम उचलला.

सरकती पट्टी :

तुलनेसाठी ब्रिटनचा क्लिफ रिचर्ड (जन्म लखनौचा, १९४०) घ्या. त्याचा विक्रम एकाच यादीतला आहे : ब्रिटनच्या मुख्य सिंगल्स यादीत १९५० पासून १९९० पर्यंतच्या पाचही दशकांत त्याचे गाणे पहिले आले, सुरुवात १९५९ च्या 'लिव्हिंग डॉल'ने झाली आणि शेवट १९९९ च्या 'मिलेनियम प्रेअर'ने. या शेवटच्या गाण्याकडे रेडिओ केंद्रांनी जवळजवळ पाठच फिरवली होती, तरी ते तीन आठवडे अग्रस्थानी राहिले. ब्रिटिश यादीत त्या काळी फक्त विक्री मोजली जाई, हे त्यामागचे इंगित. रेडिओला वजन देणाऱ्या हॉट १०० मध्ये असा चमत्कार घडणे फार अवघड. त्या यादीत क्लिफची मजल कधी सहाव्या क्रमांकापलीकडे गेली नाही. उलट शेरचे 'शूप शूप साँग' १९९१ मध्ये ब्रिटनमध्ये पाच आठवडे पहिले होते आणि अमेरिकेत तेहतिसाव्यावर अडकले. यादी बदलली की गायकाची उंची बदलते, आणि सीमा ओलांडली तरीही.

तबकडीवेडा :

सर्वांचे आभार. आपल्या प्रतिसादांनंतर मी पहिल्या क्रमांकाचा हट्ट सोडून हॉट १०० मधली पहिली दहा स्थाने पाहिली. तिथे शेर एकटीने १९६०, ७०, ८० आणि ९० या चारही दशकांत आहे, आणि त्यासाठी दुसरी यादी जोडावी लागत नाही. सात या आकड्यापुढे चार लहान दिसतो खरा, पण मला तोच अधिक पटतो. ध्रुवपद यांनी सांगितलेल्या अंतराबाबत मात्र एक भर घालतो : डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकन गायिका ब्रेंडा लीचे १९५८ साली ध्वनिमुद्रित झालेले नाताळगीत पहिल्या क्रमांकावर आले, आणि तिचे त्याआधीचे अग्रस्थान १९६० चे होते. पंचवीस वर्षांचे अंतर त्रेसष्टावर गेले, आणि तेही नवे गाणे न गाता.

ध्रुवपद :

म्हणूनच मी तो विक्रम वेगळ्या रकान्यात मांडेन. तिथे दर नाताळाला पुन्हा ऐकले जाणारे ध्वनिमुद्रण स्ट्रीमिंगच्या मोजणीमुळे वर आले. 'बिलीव्ह'साठी शेरला स्टुडिओत जावे लागले होते.