चवथीला मागून आणलेली पेटी, पखवाज आणि घुमटं कशी सांभाळावीत?

वाड्यावरचा_आरतीकार (फोंडा)
यंदा चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) पाच दिवसांसाठी शेजारच्या गावातल्या भजनी मंडळाकडून पेटी, पखवाज आणि दोन घुमटं (मातीच्या भांड्यावर कातडं मढवलेली वाद्यं) आणतोय. घरोघरी आरत्या, त्यात पाऊस. काय जपायचं? कातडं फाटलंच तर भरपाई कशी करायची?

डावी_पुडी
आधी पखवाज बघा. वाजवण्याआधी डाव्या तोंडावर लावलेली कणीक त्याच रात्री काढायची. ओली असताना बोटांनी सुटते. वाळली की पुडीला (तोंडावरच्या कातड्याला) घट्ट धरते, मग सुरीनं खरवडताना कातडंच जातं. पावसात बुरशी धरते, वर मुंग्या आणि उंदीर. कणीक काढून झाली की घट्ट पिळलेल्या फडक्यानं पुसा आणि पंख्याखाली वाळवा. उजव्या बाजूच्या शाईला (काळ्या गोल लेपाला) मात्र पाणी अजिबात नको.

त्याहून महत्त्वाचे गठ्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे. दमट हवेत पुडी सैलावते, सूर उतरतो आणि मंडळी हातोडीनं गठ्ठे ठोकून तो चढवतात. तसाच ताणलेला पखवाज कोरड्या खोलीत ठेवला की पुडी आकसते आणि फाटते. म्हणून हात लावण्याआधी गठ्ठ्यांचा फोटो काढा, वाजवून झालं की ते मूळ जागी आणा.

काळी_दोन
पेटी माटोळीखाली (गणपतीच्या वर फळं-पानं टांगलेल्या चौकटीखाली) ठेवू नका. पिकलेली फळं आणि ओल्या पानांचं पाणी थेट पट्ट्यांवर पडतं. समईपासूनही लांब ठेवा. जमिनीवर नको, पाटावर ठेवा. खटके (हवेची वाट उघडणाऱ्या पुढच्या खुंट्या) ओढल्याशिवाय भाता मारू नये, हवेला वाट नसली की भात्यावर ताण येतो. स्केलचेंजर (पट्ट्या सरकवून स्वर बदलता येणारी पेटी) असेल तर पट्टी दाबलेली असताना स्वर सरकवू नका. रात्री भाता मिटवून, खटके आत ढकलून सुती कापडानं झाका. नुसत्या प्लास्टिकमध्ये ओल कोंडते. दमटपणानं लाकूड फुगून एखादी पट्टी अडकली तर आपण तासू नये, मालकाला कळवावं. उघडून सूर (आतली धातूची जीभ) खरवडला की तो कायमचा बदलतो.

घुमटवादक_डिचोली
घुमट मातीचं. हातात न्यायचं तर टॉवेलात गुंडाळा, खाली ठेवताना चुंबळीवर ठेवा. कातडं सैल पडलं तर चुलीजवळ नेऊ नका. एका बाजूनं ताव बसला की भांडं तडकतं. थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा लांबून मंद ऊब द्या.

भरपाईचं म्हणाल तर आणतानाच ठरवा, फाटल्यावर नव्हे. मढवणाऱ्याकडेच द्यायचं, खर्च आपला. मढवायचं ते बकऱ्याच्या कातड्यानं. जुन्या घुमटांना घोरपडीचं असायचं, पण घोरपड 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे. तेव्हा मालकानं 'पूर्वीसारखंच' म्हटलं तरी त्याला ते समजावून सांगा. आणि चवथीच्या तोंडावर मढवणारे मोकळे नसतात, त्यामुळे फाटल्याचं लपवून शेवटच्या दिवशी सांगितलंत तर त्यांची पुढची भजनं अडतात.

परत नेताना हातोडी, पेटीचं कापड आणि दोन्ही चुंबळी मोजून द्या, बरोबर चार नेवऱ्या (करंज्या) न्या. तिथेच बसून पेटी आणि पखवाज मालकासमोर एकदा वाजवून दाखवा.