मदत हवी आहे: लेकीने ज्युनियर इयरला (अकरावीला) एपी फिजिक्स सी घ्यावं का? (शुक्रवारपर्यंत कळवायचंय)

पूर्वा_जर्सी:
लेक यंदा सोफोमोर, म्हणजे इथे अमेरिकेत दहावीला. पुढच्या वर्षीच्या विषयांचा फॉर्म शुक्रवारी द्यायचाय. तिला फिजिक्स सीच हवंय, म्हणजे कॅल्क्युलसवर आधारलेलं एपी (शाळेतच कॉलेजच्या पातळीचं) फिजिक्स. काउन्सेलर म्हणतात, आधी एपी फिजिक्स १ घे, त्यात कॅल्क्युलस नसतं. नवरा म्हणतो, आपण बारावीला केलंच की! मला फिजिक्सचा गंध नाही. हो की नाही एवढंच सांगा, प्लीज.

मिलिंद६७:
सी म्हणजे दोन वेगळे कोर्स आणि दोन वेगळ्या परीक्षा: मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम. शाळा वर्षात एक शिकवते की दोन्ही? आणि गणित कुठलं चालू आहे?

सावंतवाडीकर:
जेईईचं मटेरियल मागवा. ते सोडवलं की एपी काहीच नाही.

ऋता_के:
सावंतवाडीकर, असं नाही हो. इथे निम्मे गुण लेखी उत्तरांना असतात. २०२५ पासून प्रत्येक परीक्षा तीन तासांची आहे: ४० बहुपर्यायी प्रश्नांना ८० मिनिटं, ४ लेखी प्रश्नांना १००. त्यात सूत्र कसं आलं ते मांडायचं, प्रयोग कसा करशील तेही लिहायचं. नुसतं उत्तर काढायच्या सवयीने भागत नाही.

सावंतवाडीकर:
पाया पक्का असेल तर मांडणीही जमते. आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं?

नेहा_ऑस्टिन:
इंजिनिअरिंगला जायचं असेल तर सीच घ्या. फिजिक्स १ला बऱ्याच कॉलेजांत क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो विषय तिथे झाला असं धरत नाहीत.

पूर्वा_जर्सी:
नेहा, क्रेडिटचं नंतर बघू, आत्ता झेपेल का ते हवंय. प्रीकॅल्क्युलस संपत आलंय, पुढच्या वर्षी कॅल्क्युलस बीसी (एपीचाच कॅल्क्युलसचा कोर्स). शाळा सीचे दोन्ही कोर्स एकाच वर्षात घेते. नववीत ऑनर्स फिजिक्स झालंय.

मिलिंद६७:
हे आधी सांगायचंत! कॅल्क्युलस सोबत चालू असलं तरी चालतं, एपी परीक्षा घेणारं कॉलेज बोर्डही तेच म्हणतं. अडचण वेळेची आहे. फिजिक्सला डेरिव्हेटिव्ह (बदलाचा दर) सुरुवातीलाच लागतं, बदलत्या बलाचं कार्य काढताना इंटिग्रल लागतं, आणि गणिताच्या वर्गात ते बरंच उशिरा येतं. उन्हाळ्यात तेवढं करून घ्या. बालभारतीच्या अकरावी फिजिक्सचा दुसरा धडा यासाठीच आहे, पीडीएफ फुकट मिळते.

ऋता_के:
माझ्या मुलाने थेट सी घेतलं. त्याला कॅल्क्युलस नाही, फ्री-बॉडी डायग्राम (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) अडली. उतारावरचा ठोकळा, कप्पी, दोरी आली की कुठलं बल कुणावर हेच सुटायचं नाही, मग इंटिग्रल येऊन उपयोग काय? मेकॅनिक्सचे जुने लेखी प्रश्न कॉलेज बोर्डाच्या साइटवर आहेत. न्यूटनच्या नियमांवरचा एक तिच्यापुढे ठेवा. आकृती आणि समीकरणं तिची तिला मांडता आली तर बिनधास्त सी. नाही आली तर फिजिक्स १ घेण्यात कमीपणा नाही.

सावंतवाडीकर:
हे मात्र पटलं.

पूर्वा_जर्सी:
आज संध्याकाळीच बसवते तिला. नाहीच झेपलं तर सप्टेंबरमध्ये बदलून मिळतं का?

नेहा_ऑस्टिन:
प्रत्येक शाळेचं वेगळं असतं. फॉर्म देण्याआधी काउन्सेलरना ईमेलवर विचारा, म्हणजे लेखी राहील. कॅल्क्युलेटर कुठला घेताय?